नवोदयची परीक्षा मुलाची, ताप आपल्याला: फॉर्मपासून पेटी भरेपर्यंत

माझी दोन्ही मुलं नवोदयच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या, प्रवेशपरीक्षेला बसून झाली. थोरल्याचं झालं नाही, धाकटीचं झालं. दोघांची शाळा एकच, गावातली झेडपीची, दोघांना पुस्तकंसुद्धा तीच, म्हणजे थोरल्याची जुनी तिला. फरक कुठे पडला म्हणाल तर मुलांमध्ये कमी आणि माझ्यात जास्त. थोरल्याच्या वेळी मी इतकी टेन्शनमध्ये होते की एकदा सासूबाई चुलीपुढे बसल्या बसल्या म्हणाल्या, "गो, परीक्षा झिलाची हा की तुझी?" तेव्हा राग आला होता, आता वाटतं बरोबरच बोलत होत्या.

अभ्यास कसा घ्यायचा हे सांगणारे ढीगभर लोक मिळतात, पण घरात रात्री बारा वाजता छताकडे बघत पडलेल्या आईने नाहीतर बापाने काय करायचं ते कोणी सांगत नाही, म्हणून हे लिहितेय. आम्ही सिंधुदुर्गातले, त्यामुळे आमचं नवोदय म्हणजे सावंतवाडी तालुक्यातलं सांगेली. रत्नागिरीवाल्यांचं राजापूर तालुक्यात पडव्याला आहे आणि रायगडचं माणगावजवळ निजामपूरला. नियम सगळीकडे सारखेच.

पहिलं काम: भीती नेमकी कसली ते ठरवा

हे फॉर्मच्याही आधी करा. मी केलं नव्हतं आणि त्याची किंमत मोजली.

नवोदय म्हणजे सहावीपासून बारावीपर्यंत निवासी शाळा. दहा-अकरा वर्षांचं पोर घर सोडून जाणार. आता आपण दिवसा काळजी करतो की नाही झालं तर काय, आणि रात्री पोर शेजारी झोपलेलं असतं तेव्हा पोटात गोळा येतो की झालं तर काय. या दोन भीत्या वेगळ्या आहेत, पण आपण दोन्हीचा राग अभ्यासावर काढतो. मी तर थोरल्याला गणितावरून ओरडायचे आणि तो रडला की त्याला जवळ घेऊन मीच रडायचे, बिचाऱ्याला कळायचंच नाही की आईला नक्की पाहिजे काय.

तर एक साधी वही घ्या, जुनी डायरी पण चालेल, आणि नवराबायको दोघांनी वेगवेगळं बसून लिहा: पोर पास झालं तर आपण पाठवणार का? हो, नाही, माहीत नाही, जे असेल ते. नंतर एकमेकांचं वाचा. आमच्याकडे यांचं "हो" होतं आणि माझं "नाही" होतं आणि ते आम्हाला थोरल्याची परीक्षा होऊन गेल्यावर कळलं! धाकटीच्या वेळी आधीच बोलून घेतलं. आजीआजोबा घरात असतील तर त्यांनाही विचारा, नाहीतर निकालानंतर घरात महाभारत होतं आणि पोर मधे बसून ऐकतं.

मग पोराला विचारा. "तुला जायचंय का" असं सरळ विचारलंत तर ते तुमचं तोंड बघून उत्तर देणार. त्यापेक्षा तिथला दिवस कसा असतो ते सांगा, सकाळी लवकर उठायचं, आपलं अंथरूण आपण आवरायचं, मेसमध्ये जे असेल ते जेवायचं, मोबाईल नाही, घरी यायचं ते सुट्टीतच. मग गप्प बसा. आमची दोन दिवसांनी भांडी घासताना म्हणाली, "आई, मी थंय रवलंय तर माजी वेणी कोण घालतला?" हा प्रश्न आला म्हणजे तिने मनातल्या मनात तिथे राहून बघितलं होतं. त्या दिवसापासून ती स्वतः वेणी घालायला शिकली, पहिले पंधरा दिवस शाळेत केसांचं घरटं घेऊन जायची, बाईंनी पण विचारलं.

जमलं तर परीक्षेच्या आधी पोराला चार-पाच रात्री मामाकडे नाहीतर मावशीकडे एकट्याने राहू द्या, तुम्ही सोबत जायचं नाही. जमत नसेल तर ते आत्ताच कळू दे. आणि घरात दोघांचंही ठाम "नाही" असेल तर फॉर्म भरूच नका, "नुसता अनुभव म्हणून" भरायचा असेल तर ते पोराला आधीच सांगा, म्हणजे पास होऊनही न गेल्याचं दुःख त्याच्या वाट्याला येणार नाही.

फॉर्म: पावसात भरायचा असतो हे लक्षात ठेवा

फॉर्म ऑनलाईन, आणि एकदम फुकट. तो साधारण पावसाळ्यात निघतो, म्हणजे आपल्याकडे लाईट नाही, टॉवरला रेंज नाही, वहाळाला पाणी आणि एसटी बंद, असा मुहूर्त. शेवटच्या तारखेची वाट बघू नका. थोरल्याचा फॉर्म आम्ही शेवटच्या दिवशी भरला, वेबसाईट गोल गोल फिरत होती आणि मी सेंटरवाल्याच्या दारात छत्री घेऊन मनातल्या मनात रामरक्षा.

नियमांपैकी जे चुकलं की सगळंच जातं, ते एवढे:

परीक्षा आयुष्यात एकदाच. पाचवीत असतानाच द्यायची, पाचवी परत करून पुन्हा बसता येत नाही. जन्मतारखेची मर्यादा दरवर्षीच्या माहितीपत्रकात असते, ती आधी बघा, शाळेच्या दाखल्यावर एक तारीख आणि आधारवर दुसरी असेल तर ते आधी निस्तरा.

पोर ज्या जिल्ह्यात पाचवी शिकतंय त्याच जिल्ह्याच्या नवोदयला बसता येतं. मुंबईत पाचवी आणि फॉर्म सिंधुदुर्गाचा, असं चालत नाही.

तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं सरकारी किंवा मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण झालेली लागतात. आता हे नीट वाचा, कारण यात फार लोक फसतात. कमीत कमी ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात, पण ग्रामीण कोण, तर तिसरी-चौथी-पाचवी सगळी ग्रामीण भागातल्या शाळेत शिकलेलं पोर. यातला एक दिवस जरी शहरी भागातल्या शाळेत शिकलं तरी ते शहरी धरलं जातं. आणि आपल्याकडे लोक काय करतात, नवोदयचे क्लास चांगले म्हणून चौथीत पोराला गावातून काढून तालुक्याच्या ठिकाणी नाहीतर रत्नागिरीला नेऊन शाळेत घालतात! म्हणजे नवोदयसाठी खर्च करून नवोदयचीच वाट अरुंद करून घेतात. शाळा बदलायच्या आधी मुख्याध्यापकांना विचारा की ती शाळा कुठल्या भागात मोडते. गावातली झेडपी शाळा ही इथे तुमची जमेची बाजू आहे, उगाच लाजू नका.

कागद असे: मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचं ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र, पोराचा फोटो, पोराची सही, पालकांची सही, आधार किंवा राहण्याचा पुरावा. पोराला सही शिकवून ठेवा, दहा वर्षांच्या मुलांची सही दरवेळी वेगळी येते. फॉर्म सेंटरवर भरलात तर सबमिट करायच्या आधी स्क्रीनवर स्वतः वाचा, सेंटरवाल्याच्या खांद्यावरून नाही, खुर्चीत बसून. आमच्या धाकटीच्या फॉर्मवर ग्रामीणच्या जागी शहरी टिक झाली होती, घरी येऊन प्रिंट बघताना लक्षात आलं. मुदत संपल्यावर थोडे दिवस दुरुस्तीची खिडकी उघडतात त्यात ती चूक निघाली, पण ते चार दिवस मी जेवले नाही म्हणा. परीक्षेची भाषा पण फॉर्ममध्येच निवडायची असते, मराठी शाळेतल्या पोराला मराठीच द्या, इंग्रजीचा मोह नको.

आणि कोणी "आपली ओळख आहे, सीट करून देतो" म्हणाला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. एका नवोदयला सहावीला जास्तीत जास्त ८० जागा, त्या परीक्षेतून आणि आरक्षणाच्या नियमाने भरतात. एक तृतीयांश जागा मुलींच्या असतात, हे मुलींच्या आयांनी लक्षात ठेवावं. मॅनेजमेंट कोटा वगैरे तिथे काही नसतं.

पेपर समजून घ्या, म्हणजे निम्मी भीती जाते

माझी भीती जास्त होती कारण मला पेपरच माहीत नव्हता. मी थोरल्याकडून इतिहास-भूगोल पाठ करून घेत होते. नवोदयच्या पेपरात तो येतच नाही!

एकच पेपर, दोन तास, साडेअकरा ते दीड. ८० प्रश्न, १०० मार्क, म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मार्क. मानसिक क्षमता ४० प्रश्न ५० मार्क, अंकगणित २० प्रश्न २५ मार्क, भाषा २० प्रश्न २५ मार्क. वेळ ढोबळमानाने एक तास, अर्धा तास, अर्धा तास अशी वाटून दिलेली असते. दिव्यांग मुलांना ४० मिनिटं जास्त मिळतात. निगेटिव्ह मार्किंग नाही.

हे शेवटचं वाक्य परत वाचा. थोरल्याला मी परीक्षेच्या आदल्या रात्री सांगितलं होतं, "येत नसेल ते लिहू नको हां, चुकीचं लिहायचं नाही." शाळेच्या परीक्षेची सवय. त्याने आज्ञाधारकपणे नऊ प्रश्न कोरे सोडले. नऊ! आला तुक्का तर आला, नाही आला तर जात काही नव्हतं. तो ज्याला-त्याला सांगतो की पेपर कठीण होता, आणि मी गप्प बसते.

अभ्यास: दिवसाला तास-सव्वातास, पण रोज

क्लास लावायचा की नाही हा तुमच्या खिशाचा आणि एसटीच्या टायमिंगचा प्रश्न. धाकटीला नव्हता. शाळेतल्या गुरुजींनी आठवड्यातून दोनदा शाळा सुटल्यावर घेतलं, बाकी घरी. सकाळी पाऊण तास आणि संध्याकाळी अर्धा तास, रविवारी एक पूर्ण पेपर, तो पण गणपतीनंतर सुरू केला, आधी नाही.

मानसिक क्षमतेत सगळ्या आकृत्या असतात. वेगळी आकृती ओळखा, तशीच आकृती शोधा, अपुरा नमुना पूर्ण करा, मालिका, साम्य, भौमितिक आकृती पूर्ण करणं, आरशातली प्रतिमा, कागदाची घडी घालून भोकं पाडणं, तुकडे जोडून आकृती करणं, लपलेली आकृती. दहा प्रकार, प्रत्येकी चार प्रश्न. हे पाठ करून येत नाही, हाताने करून येतं. घडी-भोकाला आम्ही जुन्या कॅलेंडरची पानं वापरली, घडी घाल, दाभणाने भोक पाड, उघडायच्या आधी सांग कुठे कुठे भोकं पडली असतील. पैज लावायचो, हरला त्याने विहिरीवरून एक कळशी आणायची. आरशाला कपाटाचा आरसा. लपलेली आकृती बोटाने गिरवायची, नुसतं बघून नाही. या चाळीस प्रश्नांत शाळेतलं हुशार-ढ असं काही चालत नाही, वर्गात मागे बसणारी पोरं यात कधी कधी भारी निघतात, त्यामुळे पोराचा कॉन्फिडन्स वाढवायचा असेल तर सुरुवात इथूनच करा.

गणितात बेरीज-वजाबाकीपासून अपूर्णांक, दशांश, अवयव, नफा-तोटा, परिमिती-क्षेत्रफळ. शेकडेवारी, सरळव्याज, वेळ-अंतर-वेग हे पूर्वी असायचं, यादी बदलते, म्हणून त्या वर्षीचं माहितीपत्रक बघा. पुस्तकातलं गणित कंटाळवाणं वाटलं की घरचं घाला. पाच डझनाची पेटी २४०० ला घेतली, सहा आंबे डागी निघाले, उरलेले ६०० रुपये डझनाने गेले, तर नफा की तोटा आणि शेकडा किती? (साडेबारा टक्के नफा. आमच्या ह्यांनी तोंडी उत्तर दिलं, धाकटीने वहीत, दोघांचं जुळलं तेव्हा घरात दिवाळी.) एसटी ६.४० ला सुटते, ८.१० ला पोचते, ४५ किलोमीटर, तर वेग किती? ३० चा. ती म्हणाली घाटात एवढाच असतो.

भाषेत उतारे, प्रत्येकावर पाच प्रश्न. इथे आपल्या पोरांची एक वेगळी अडचण असते, घरात बोलतो मालवणी आणि उतारा प्रमाण मराठीत. पोराचं मालवणी बंद करायला जाऊ नका, ती त्याची भाषा आहे, फक्त रोज पेपरातली एक बातमी मोठ्याने वाचून घ्या आणि विचारा, काय झालं ते मला आपल्या भाषेत सांग. समजलं असेल तर मालवणीत सांगता येतं, नुसतं पाठ असेल तर येत नाही. आणि उताऱ्याचं उत्तर उताऱ्यात जे आहे तेच, स्वतःला काय माहीत आहे ते नाही, हे शिकवायला वेळ लागतो. आमच्याकडे समुद्रावरच्या उताऱ्यात ती उताऱ्याशीच भांडायची, "असा नाय, भरती अशी येत नाय!"

ओएमआर शीटची, म्हणजे गोल काळे करून उत्तरं द्यायच्या कागदाची, प्रॅक्टिस वेगळी करा. कोरी शीट झेरॉक्स करून आणा, काळं किंवा निळं बॉलपेन द्या, पेन्सिल नाही. गोल पूर्ण भरायचा, खाडाखोड करायची नाही. सगळ्यात मोठा धोका म्हणजे एक प्रश्न सोडला आणि पुढची सगळी उत्तरं एक घर सरकली. म्हणून दर दहा प्रश्नांनी थांबून प्रश्नाचा नंबर आणि गोलाचा नंबर जुळतो का बघायची सवय लावा. अडलेल्या प्रश्नाला पुस्तिकेवर बारीक खूण, शेवटची पाच मिनिटं फक्त रिकामे गोल भरायला.

तोंड सांभाळणं, हे सगळ्यात अवघड

पोराने सराव पेपर दिला की आपण काय विचारतो? "किती पडले?" मी ठरवून तो प्रश्न बंद केला, त्याऐवजी विचारायचे की आज कुठल्या प्रश्नाने फसवलं. मार्क विचारले की पोर लपवतं, फसवलं विचारलं की सांगतं, आणि नेमकी चूक हाताला लागते. मार्क मी तिच्या पाठीमागे वहीत लिहून ठेवायचे, खोटं कशाला बोलू.

व्हॉट्सॲपवर पालकांचा ग्रुप असेल तर म्यूट करा. तिथे रात्री दहाला कोणीतरी आपल्या पोराचे ९३ मार्कांचे फोटो टाकतं आणि आपण झोपलेल्या पोराकडे असे बघतो जसं काय त्यानेच गुन्हा केलाय. माहिती हवी तर दिवसातून एकदा, दुपारी जेवणानंतर उघडायचा, पाच मिनिटं. रात्री नाही म्हणजे नाही.

आपल्या काळजीला काम द्या, नाहीतर ती पोराच्या डोक्यावर जाऊन बसते. मी वहीचं पान मधोमध दुमडायचे, एका बाजूला माझं काम, दुसऱ्या बाजूला तिचं. फॉर्म, कागद, प्रवेशपत्र, गाडी, डबा, झेरॉक्स, हे माझं. आकृत्या, गणितं, गोल भरणं, हे तिचं. आणि "पास होणं" हे कुठल्याच बाजूला बसत नाही, बरेच दिवस मी ते लिहून खोडत होते. ज्या रात्री झोप यायची नाही त्या रात्री माझ्या बाजूचं एखादं काम काढायचे, जातीच्या दाखल्याचं बघायचं राहिलंय का, रेशनकार्डावरचं नाव बरोबर आहे का. काम झालं की झोप येते, निदान मला तरी.

घरात दोघांपैकी जो जास्त घाबरट असेल त्याने अभ्यास घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत. आमच्याकडे ती मी. म्हणून धाकटीचं गणित ह्यांनी घेतलं, बागेतून आल्यावर, दमलेले असायचे त्यामुळे ओरडायची ताकदच नसायची, आणि ते बरंच झालं.

पोराच्या पोटात रोज सकाळी दुखतंय, उलट्या होतायत, मधेच अंथरूण ओलं व्हायला लागलंय, झोपेत दचकतंय, असं दोनेक आठवडे चाललं तर ते नाटक नाही. थोरल्याला सकाळी उलट्या व्हायच्या, मी ओवा देत बसले आणि वरून म्हणाले की शाळा बुडवायची नाटकं नकोत. डॉक्टरला दाखवा आणि अभ्यास सरळ अर्ध्यावर आणा. मनाच्या त्रासावर बोलायला टेली मानसचा १४४१६ हा सरकारी फुकट नंबर आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, पालकही करू शकतात. गावात कोणाला कळेल ही भीती असते ना, फोनवर ती नाही.

गणपती, चाकरमानी आणि जत्रा

हे प्लॅनमध्ये धराच. गणपतीत घर भरलेलं असतं, अभ्यास होणार नाही, तेव्हा ते सहा-सात दिवस आधीच सुट्टी जाहीर करून टाका, म्हणजे रोज "आज पण नाही बसलास" अशी कटकट नको. खरा त्रास वेगळाच असतो. मुंबईचे कोणीतरी काका मोदक खाता खाता विचारणार, "काय रे, अजून झेडपीतच? आमचा तर ऑलिंपियाड देतो." आधीच ठरवून ठेवा की उत्तर पोराने नाही, तुम्ही द्यायचं. मी म्हणायचे, बसतेय परीक्षेला, बघू, आणि ताटात अजून एक मोदक. तोंड बंद.

परीक्षा अलीकडे डिसेंबर-जानेवारीत असते, आणि तेव्हाच आपल्या जत्रा, दशावतार. रात्रभर नाटक बघायला पोरं तडफडतात. पूर्ण बंदी घातलीत तर पोर अंथरुणात पडून लांबून येणारा मृदंग ऐकत रडतं, झोप तशीही नाही. आपल्या गावची एक रात्र द्या, परीक्षेच्या आठवड्यातली नाही, बाकीच्या गावांची पुढच्या वर्षी.

शेवटचा आठवडा आणि तो दिवस

प्रवेशपत्र साईटवरून निघालं की दोन प्रिंट काढा, एक तुमच्याकडे, एक डब्यात. त्यावरच्या सूचना मोठ्याने वाचा, काय न्यायचं आणि काय नाही ते त्यातच असतं. केंद्र आधी एकदा बघून या, रविवारी सहज म्हणून, दार कुठलं, संडास कुठे, एवढं पोराला दाखवा. नवीन शाळेत संडास विचारायला मुलं लाजतात आणि दोन तास चुळबुळत बसतात.

शेवटचे तीन दिवस नवीन काही नाही. आधी सोडवलेले दोन पेपर परत बघायचे, बस. आदल्या रात्री घरात कोणी परीक्षेचं नाव काढायचं नाही, शेजाऱ्यांना पण सांगून ठेवा, नाहीतर पूर्ण वाडी "ऑल द बेस्ट" करायला खळ्यात उभी राहते.

सकाळी जे रोज खातं तेच द्या. धाकटीला उकड्या तांदळाची पेज आणि लोणच्याची फोड, अंगारा लावून आजीने पाठवली. वडापाव वगैरे परत येताना. गाडी लागत असेल तर पुढच्या सीटवर, आणि पहिली एसटी चुकली तर दुसरी सोय काय ते आदल्या दिवशी ठरलेलं असू दे, आमची एका ओळखीच्या रिक्षावाल्याला सांगून ठेवली होती, लागली नाही. केंद्रावर साडेदहापर्यंत पोचा. दोन बॉलपेनं आधी चालवून बघितलेली, पाण्याची पारदर्शक बाटली.

गेटवर शेवटचं वाक्य छोटं आणि कामाचं असू दे. "नंबर जुळव, कोरं सोडू नको." रडू येत असेल तर ते आत गेल्यावर. आणि मग तिथे उभं राहू नका हो, गेटबाहेर पालकांचा जो घोळका असतो त्यात पोरांपेक्षा मोठी परीक्षा चाललेली असते, कोणाचा क्लास कुठला, कोणाचे किती. मी बाजारात गेले, सुकी मासळी बघितली, किलोभर सोडे घेतले, भाव केला, वेळ गेला.

पोर बाहेर आलं की पहिला प्रश्न "भूक लागली?" एवढाच. त्या संध्याकाळी युट्युबवर उत्तरं घेऊन लोक बसलेले असतात, ते लावू नका. ओएमआर शीट आत गेली, आता बरोबर-चूक मोजून काय मिळणार.

निकाल: लागला तरी, नाही लागला तरी

निकाल येतो तेव्हा आपल्याकडे आंब्याची गडबड चालू असते, हे एक बरं. रोल नंबर आणि जन्मतारीख टाकून साईटवर बघायचा. पहिल्यांदा तुम्ही एकटे बघा, पोर खेळायला गेलेलं असताना. जे काही तोंडावर येणार ते येऊन जाऊ दे, मग त्याला हाक मारा.

नाव नसेल तर तसं सरळ सांगा, "नाव नाही आलं." पुढे "पण" लावू नका. पहिल्या यादीनंतर जागा रिकाम्या राहिल्या की पुढची यादी निघते, तेवढं लक्ष तुम्ही ठेवा, पोराला रोज आशेवर ठेवू नका. थोरल्याच्या वेळी मी जून संपेपर्यंत रोज "अजून यादी येईल" करत राहिले, त्याला नव्या शाळेत मनच लागेना.

दुसऱ्या वाटा आहेत आणि त्या खोट्या दिलाशाच्या नाहीत. स्कॉलरशिपची परीक्षा असतेच, राज्य परीक्षा परिषद घेते, तिची इयत्ता सरकार मागेपुढे करत असतं म्हणून शाळेत विचारून घ्या. सैनिक शाळेची परीक्षा वेगळी, तिच्यात सामान्य ज्ञान पण असतं. आठवीत एनएमएमएस ही केंद्र सरकारच्या स्कॉलरशिपची परीक्षा, सरकारी-अनुदानित शाळेतल्या आणि साडेतीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांना नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. आणि नवोदयलाच नववीत रिकाम्या जागांसाठी परत परीक्षा असते, त्यात गणित आणि विज्ञानाला जास्त मार्क. थोरला आता एनएमएमएसचं करतोय, स्वतःहून, मी विचारत पण नाही किती पडले.

नाव आलं असेल तर पेढे वाटायच्या आधी कागदांचं बघा, कारण निवड झाली तरी कागदात बसलं नाही तर प्रवेश अडतो. तिसरी ते पाचवीचे दाखले, ग्रामीणचं प्रमाणपत्र, जन्माचा दाखला, जातीचा असेल तर तो, तब्येतीचं प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला. एका हमीपत्रावर सही करावी लागते की नववीत पोराला वर्षभरासाठी दुसऱ्या राज्यातल्या नवोदयला पाठवलं तर चालेल. काही टक्के मुलं अशी जातात, हिंदी भागातली इकडे आणि इकडची तिकडे. हे घरच्यांना आधी सांगा, ऐन वेळी आजी दाराला आडवी पडते. राहणं-जेवण-पुस्तकं-गणवेश सरकारचं, नववीपासून महिना ६०० रुपये विकासनिधी असतो, त्यातून मुली, एससी, एसटी, दिव्यांग आणि दारिद्र्यरेषेखालची मुलं सुटतात. सरकारी नोकरी असलेल्या पालकांचा हिशोब वेगळा आहे, तो शाळेत विचारा.

पेटी पत्र्याची घ्या, कुलपाच्या दोन चाव्या, एक पोराच्या गळ्यात आणि एक तुमच्याकडे. प्रत्येक कपड्यावर नाव दोऱ्याने शिवा, पेनाने लिहिलेलं दोन धुण्यांत जातं. कंगवे दोन ठेवा, एक हमखास हरवतो. खाऊ नेऊ देतात की नाही ते आधी विचारा, आम्ही न विचारता खाजं भरलं होतं, ते गेटवरूनच परत आलं आणि परतीच्या एसटीत आम्ही दोघांनी खाल्लं, एकमेकांकडे न बघता.